दानियलकाकांचं वळण

नवापूरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या त्या वस्तीत लग्न कुणाचंही असो, पत्रिकेवर नवरा-नवरीची नावं लिहायची ती दानियलकाकांनीच. छापील अक्षर कसं, कवायतीला उभं. काकांचं आपलं गप्पा हाणत शेताकडे निघालेलं. त्यांच्या हातची नावं पत्रिकेवर उमटली की लोक म्हणत, आता लग्न लागलंच समजा.

आणि घरचंच लग्न आलं, पोटच्या पोरीचं, रिबेकाचं, तर हातच फितूर झाला! पेन धरलं की थरथर. काकांनी पेन फडताळात टाकलं.

रिबेका सुरतेला फॉन्ट बनवायचं शिकून आली होती. कंप्यूटरवर टाइप करायचं, पण उमटतं ते सहज हाताने लिहिल्यासारखं. तिच्या फॉन्टमधली नावं दुकानांच्या पाट्यांवर, मिरचीपुडीच्या पाकिटांवर झळकत. तिने वस्तीभरच्या जुन्या पत्रिका गोळा केल्या, बापाचं एकेक अक्षर उचललं आणि एका दुपारी, मोहाच्या झाडाखाली बाजेवर पेंगणाऱ्या काकांच्या हाती कागद ठेवला.

अहाहा! तेच वळण, तोच ऐटबाज 'र'. बघता बघता काकांचा डोळा लागला. डोंगरावरून अक्षरं शेळ्यांसारखी उतरत होती, ओढ्यात पाय भिजवत होती. काका हाका मारत होते आणि एकही मागे वळून बघत नव्हतं.

उठले ते चिडूनच. "हे माझं नाही!"

"बाबा, तुमचंच तर आहे."

"माझं होतं. तो लिहिणारा कधीच गेला. मी जिता बसलोय इथे, आणि माझ्या पोरीच्या पत्रिकेत मीच नाही!"

रिबेकाने फडताळातलं पेन आणलं. "मग आत्ताचं लिहा."

"वाकडं येईल."

"येऊ दे. सकाळी डोक्यावर हात ठेवलात, तेव्हाही थरथरतच होता. मी बाजूला सरले का?"

काका लिहायला बसले. ऊन डोंगरामागे गेलं तरी लिहीतच होते. ती सगळी डुगडुगती अक्षरं तिने फॉन्टमध्ये जुन्या अक्षरांशेजारी बसवली. टाइप केलं की कधी तरणा 'र' यायचा, कधी म्हातारा.

बापलेक नंदुरबारच्या छापखान्यात गेले, तेव्हा तिथल्या कुंदनने पत्रिका उचलून पाहिली. "ताई, हाई अक्षर हाली ऱ्हायनं! सरळ करू का?"

"हात तर लावून बघ!" काका असे गरजले की मशीनसुद्धा दचकलं असेल.

पहिली पत्रिका शेजारच्या पारुबाईला गेली. तिला वाचता येत नव्हतं. तिने 'रिबेका'वरून हळूच बोट फिरवलं.

"दानियल, रडत रडत लिहिलंस काय रे?"

"नाही गं, हात हलतो नुसता," काका म्हणाले, आणि तिच्या उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले.