भांडं कोण फोडणार?

लुआन त्येनचनची शवपेटी अंगणात दोन बाकांवर ठेवलेली होती. आठ जण दांडे आणि दोर घेऊन उभे होते. सनईवाले दोनदा वाजवून थांबले होते. दुपारच्या आत माती द्यायची होती आणि ऊन तर भिंतीवर वाळत टाकलेल्या मक्याच्या कणसांपर्यंत चढलं होतं. तरी पेटी हलत नव्हती, कारण तिच्यापुढचं मातीचं भांडं अजून फुटलं नव्हतं.

तीन दिवस भाऊबंदांनी त्या भांड्यात मेलेल्याच्या नावानं कागद जाळले होते. आता मुलानं ते डोक्यावर उचलून विटेवर आपटायचं, तुकडे झाले की पेटी उचलायची. त्याशिवाय गेलेला माणूस घर सोडत नाही म्हणतात. आणि भांडं फोडील तोच त्या घरचा मुलगा, घरही मग त्याचंच. त्येनचनला मुलगा नव्हता. एकुलती लेक रुईचिन, तीही पलीकडच्या गावात दिलेली, आणि वर दहा वर्षं चर्चला जाणारी. अंगावर तिनं सुतकाचं पांढरं घेतलं होतं, पण धूप लावला नव्हता, कागद जाळला नव्हता. बायका सकाळपासून कुजबुजत होत्या.

"जियाल्यांग, ये पुढं," तिसऱ्या काकांनी हाक मारली. काका म्हणजे त्येनचनच्या पाठचे, आता हयात असलेले एकच भाऊ. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा.

पुतण्या जियाल्यांग बाह्या सरसावत पुढं आला. त्येनचन तीन वर्षं अंथरुणाला खिळून होता. तेवढ्या काळात हा एकदाच फिरकला होता, आणि तेव्हाही त्याची नजर म्हाताऱ्यापेक्षा छपराच्या कौलांवरच जास्त होती.

"थांबा काका." रुईचिन गुडघ्यांवरून उठली. "भांडं मी फोडते."

"तू?" काकांनी मान वळवली. "बाईमाणसानं भांडं फोडलेलं या गावात कुणी बघितलंय का?"

"ताई, तुमचा येशू चालवून घेतो होय हे?" जियाल्यांग हसला. "धुपाचा वास आला तरी नाकाला रुमाल लावता, आणि आज भांडं पाहिजे? की घर पाहिजे?"

"घर तू घे, सगळ्यांच्या देखत सांगते. पण माझ्या बापाचा मुलगा म्हणून तू उभा राहायचं नाहीस."

रुईचिनला बापाचं शेवटच्या आठवड्यातलं बोलणं आठवत होतं. ती त्याचं अंग पुसत होती. "माझं भांडं फोडायला कुणी नाही," तो म्हणाला. ती म्हणाली, "मी आहे की." म्हातारा खोकत खोकत हसला होता. "तुझा देव फोडू देईल का गं?" ती अंग पुसत राहिली होती.

फाटकापाशी चर्चची चार माणसं उभी होती. त्यातल्या दोंगताई झपाझप आत आल्या. रुईचिनला बायबल वाचायला शिकवलं ते त्यांनीच.

"रुईचिन, शुद्धीवर ये," त्या तिच्या कानाशी लागल्या. "मूर्तिपूजेची राख आहे ती. आज हात लावलास तर रविवारी प्रार्थनेला कुठल्या हातांनी उभी राहशील?"

"याच हातांनी, ताई. याच हातांनी मी तीन वर्षं त्यांची घाण काढली."

"ती सेवा होती. हे पाप आहे."

"असेल. मला खरंच माहीत नाही."

दोंगताईंचा चेहरा पडला. एकीकडं काका, दुसरीकडं दोंगताई, आणि मधे बापाची पेटी. जियाल्यांग भांड्याकडं वाकला, तशी ती पुढं झाली आणि तिनं भांडं आधी उचललं. आतली राख अजून गरम होती, कड बोटांना चटकली. तिनं डोळे मिटले. ओठ हलले, पण काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही. मग भांडं डोक्यावर नेलं आणि सगळा जोर लावून विटेवर आपटलं.

ठण्ण आवाज झाला. राख उडाली, आणि भांडं टुणकन उसळून लवंडलं. अख्खंच्या अख्खं.

भांडं एकदाच आपटायचं असतं. फुटलं नाही तर मेलेल्याचा पाय निघत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दांडे धरलेल्यांतला एक जण मागं सरकला.

"बघा!" जियाल्यांग ओरडला. "पेटीतल्या थोरल्या काकांनाच मान्य नाही! आता काय करायचं?"

रुईचिन राखेत तशीच उभी होती. हात पांढरे, तोंड पांढरं. बापाला आपणच अडकवून ठेवलं, एवढंच तिच्या मनात आलं. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, हे त्या क्षणी तिला आठवलंसुद्धा नाही.

तिसरे काका काठी टेकत पुढं आले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही, जियाल्यांगकडंही नाही. नुसतं पेटीकडं पाहिलं. मग बुटाची टाच उचलून त्यांनी भांड्यावर दाणकन मारली. खापऱ्या झाल्या.

"फुटलं!" ते गरजले. "लेकीनं फोडलं! उचला!"

"पण काका, तुम्हीच तर..." जियाल्यांग म्हणाला.

"उचला म्हणतो ना! का माझ्या भावाला इथंच ठेवायचंय?"

आठ खांदे वर झाले. सनई सुरू झाली.

माती देताना तिनं कागद जाळले नाहीत. हात जोडून मोठ्यानं प्रार्थना केली. भावकीतले दोघं-तिघं पाठ फिरवून उभे राहिले. काका मात्र ती संपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "झालं तुझं? माती लोटा आता."

रविवारी चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. गाण्याची पुस्तकं वाटायचं तिचं काम दोंगताईंनी दुसरीला दिलं. रुईचिन त्याच जागेवर बसून गायली, आणि पुढच्या रविवारीही गेली.

घर जियाल्यांगनं घेतलं. भांडं तर काकांनीच फोडलं, असं तो अजून गावभर सांगतो. काका ऐकतात आणि काठी टेकत पुढं जातात.

वसंतात थडगी साफ करायचा दिवस आला, तसा काकांचा निरोप आला: वाकू नकोस, धूप लावू नकोस, पण तुझ्या बापावर गवत माजलंय, ते काढायला तरी येशील की नाही?

रुईचिननं विळ्याला धार लावली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं गेली.