पंधराव्या दिवसाचा अर्ज

“पण विचारायचं कोणाला?” मी शंतनूला तिसऱ्यांदा विचारलं.

“कोणालाच नाही, आई.” तो गुडघ्यावर बसून तंबूच्या खुंट्या ठोकत होता. “पब्लिक लँड आहे. नॅशनल फॉरेस्ट. यायचं, तंबू लावायचा, राहायचं. फ्री.”

“अन् नोंद कुठे करायची?”

“नाही करायची.”

“पास? निदान एखादी चिठ्ठी?”

“आई, चिल ना यार!”

आता मी कशी चिल होणार? चौतीस वर्षं मी जंगलखात्यात कारकुनी केली. विदर्भातल्या कोणत्या गावी ते सांगत नाही, लोक ओळखतील. जंगलात कोण शिरलं, कोणत्या कामाला शिरलं, किती वाजता बाहेर पडलं, हे सगळं माझ्या हाताने रजिस्टरात चढायचं. माझ्या शिक्क्याशिवाय तिथे सरपणाची मोळीसुद्धा हलत नव्हती. आणि गंमत म्हणजे, एवढी वर्षं काढून मी जंगलात मुक्काम एकदाही केला नव्हता. माझं जंगल म्हणजे एक टेबल, दोन कपाटं आणि करकरणारा पंखा. रिटायर झाल्यावर अमेरिकेत मुलाकडे बेलव्ह्यूला आले, तर हा म्हणतो, चल, शनिवार-रविवार जंगलात राहू. सुनेला, राधिकाला, ऑफिसचा फोन सांभाळायचा होता म्हणून ती घरी थांबली. आम्ही दोघंच निघालो, घाट चढून उतरलो, मग कच्च्या रस्त्याने तासभर धूळ खात नदीकाठी पोचलो. ना फाटक, ना चौकी. मला आपलं सारखं वाटत होतं, मागून कोणी शिट्टी मारणार.

“पाणी?” मी विचारलं.

“गाडीत दोन कॅन आणलेत.”

“आणि ते... सकाळचं?”

शंतनूने एक छोटी खुरपी माझ्या हातात दिली. “नदीपासून सत्तर पावलं लांब. वीतभर खड्डा. नंतर बुजवायचा.”

मी खुरपीकडे बघतच राहिले. जंगलालगतच्या हागणदारीमुक्त गावांच्या फायलीसुद्धा मी स्वतः वर पाठवल्या होत्या. गावोगाव लोकांना संडास बांधायला लावले. आणि इथे माझा इंजिनिअर मुलगा सुट्टी काढून, दोन तास गाडी चालवून, खुरपी घेऊन झाडामागे जाणार! मी इतकी हसले की खाली बसावं लागलं. तोही हसला. पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघं असे हसलो.

तंबू लागला आणि मी चौकशीला निघाले. ती माझी खोडच आहे. नागपुरात आमच्या बिल्डिंगमध्ये मला मागून सीआयडी म्हणतात, मला माहीत आहे. नदीच्या वळणाशी एक जुनी पांढरी व्हॅन उभी होती. तिच्या दाराशी घडीच्या खुर्चीवर एक बाई पायमोजे रफू करत बसली होती. वय माझ्याएवढं, साठीच्या पुढे. पायमोजे रफू करणारं माणूस मला अमेरिकेत पहिल्यांदाच दिसलं, म्हणून मी सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

तिचं नाव लोरेन. माझं इंग्रजी म्हणजे टायपिंगचं इंग्रजी, लिहिता येतं, बोलताना गळपटतं. पण तीही सावकाश बोलायची, त्यामुळे जमलं. सव्वीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. मला नवल वाटलं. एवढी मोठी पिवळी बस? बर्फात? हो, म्हणाली, बर्फात, साखळ्या लावून. मी विचारलं, आणि पोरं त्रास देत नव्हती? ती म्हणाली, देत होती ना, म्हणून आता नदीपाशी राहते, नदी मागच्या सीटवरून ओरडत नाही.

मी तिला दशमी आणि लसणाची चटणी दिली. तिने चटणी बोटाने चाटली, डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणाली, आणखी दे. बाई मला आवडली.

“किती दिवस झाले इथे?” मी विचारलं.

“चौदा,” ती म्हणाली. “आज चौदा संपले.”

मग तिने सगळं सांगितलं. इथे फुकट राहता येतं, पण एका जागी चौदाच दिवस. नंतर हलायचं, दुसरं जंगल, दुसरा रस्ता, पुन्हा चौदा. ती चार वर्षं अशी हलत होती. पण आता व्हॅनचा फ्युएल पंप गेला होता, गाडी चालूच होत नव्हती. परवा एका कॅम्पवाल्याबरोबर ती खालच्या गावात जाऊन पार्ट मागवून आली होती, गॅरेजची चिठ्ठीही तिने मला दाखवली. मेकॅनिक सोमवारी दुपारी येणार होता. काल रेंजरबाई येऊन बजावून गेली, रविवारी सकाळी गाडी इथे दिसली तर ओढून नेऊ.

“मग तू तिला पंपाचं सांगितलं असशील ना?”

“नाही.”

“काहून?” माझ्या तोंडून आपलं नागपुरीच निघालं. मग व्हाय म्हटलं.

लोरेनने सुई ओढली. गाडी बिघडली असं प्रत्येक जण सांगतो, ती म्हणाली. त्यातले निम्मे खोटं बोलतात. रेंजर मला त्यांच्यात धरणार. मी सव्वीस वर्षांत कोणापुढे हात पसरला नाही. नियम त्यांचा आहे, नेऊ दे.

“गाडी नेली तर तू कुठे राहशील?”

ती पायमोज्याच्या टाचेत हात घालून भोक बुजलं का ते बघत बसली.

तंबूत परतल्यावर मी शंतनूला सगळं सांगितलं. तो माझ्या लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत गुंडाळून गाडीत बंद करत होता, अस्वलाला वास येऊ नये म्हणून.

“आई, तू यात पडू नकोस,” तो एकदम म्हणाला. “प्लीज. मी व्हिसावर आहे. ऑफिसर लोकांशी अजिबात नाही बोलायचं.”

“अरे, पण ती बाई—”

“सगळ्यांना नाही ना आपण हेल्प करू शकत.”

तो वाईट नाही हो. घाबरट आहे. आठ वर्षं झाली, अजून पासपोर्टची झेरॉक्स गाडीच्या कप्प्यात ठेवतो. मी डबे उघडले, पण जेवण काही गोड लागलं नाही.

रविवारी सकाळी चहा उकळत होता तेव्हा हिरवी गाडी आली. रेंजरबाई तरुण होती, जाड वेणी, कमरेला वॉकीटॉकी. आधी आमच्याकडे आली. शंतनूचा हात लगेच गाडीच्या कप्प्याकडे गेला, झेरॉक्स काढायला. तिने बघितलंसुद्धा नाही. चूल विझवताना पाणी ओता, हात लावून गार झाली का बघा, एवढंच सांगून ती व्हॅनकडे निघाली. तिने वॉकीटॉकी तोंडाशी नेला, टो गाडी मागवायला. लोरेन खुर्चीवर ताठ बसली होती.

माझ्या डोळ्यांसमोर सोमाजी मडावी आला. अगदी तसाच, ताठ.

तो दर मंगळवारी आमच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर येऊन बसायचा. त्याची झोपडी जंगलाच्या हद्दीत होती. हटवायची नोटीस मीच टाइप केली होती. मुदत वाढवून मागायचा एक साधा अर्ज असतो, त्याचा छापील नमुना माझ्या ड्रॉवरमध्ये होता, हाताएवढ्या अंतरावर. पण तो आत आला नाही आणि मी बाहेर जाऊन विचारलं नाही, की बापा, तुला काय पाहिजे? पाच मंगळवार तो बसला. सहाव्या मंगळवारी बाक रिकामा होता. झोपडी गेली होती. मला अजून त्याची लाज वाटते. ही चौकशीची खोड मला त्यानंतर लागली, आधी नव्हती.

“शंतनू, कागद-पेन घे,” मी म्हटलं.

“आई, नो.”

“मी बोलणार नाही ऑफिसरशी. अर्ज लिहायचाय. तुझं अक्षर बरं आहे आणि इंग्रजी माझ्याहून बरं आहे. नाही तर मी लिहिते माझ्या इंग्रजीत, मग बघ काय होतं ते.”

मग त्याने माझी वही ओढली. “बोल,” म्हणाला.

मी लांबूनच रेंजरबाईला हात करून ओरडले, “मॅडम! फाइव्ह मिनिट्स! अॅप्लिकेशन कमिंग!” ती थबकली. अॅप्लिकेशन येणार आहे असं तिला त्या जंगलात बहुधा पहिल्यांदाच कोणी सांगितलं असेल. तिने वॉकीटॉकी खाली केला.

मी सांगत गेले, तो लिहीत गेला. प्रति, माननीय वनाधिकारी. विषय, मुदत दोन दिवस वाढवून मिळणेबाबत. संदर्भ, आपली शुक्रवारची तोंडी सूचना. मग कारण, पार्टचं नाव, गॅरेजचं नाव, मेकॅनिकची वेळ. मंगळवारी सकाळी दहापूर्वी जागा रिकामी करीन अशी हमी. सोबत, गॅरेजची चिठ्ठी. तळाला साक्षीदार दोन.

“दोन?” शंतनूने मान वर केली.

“मी एक.”

त्याने कागद जवळ ओढला. मग खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, सही केली. माझा घाबरट पोरगा! मी त्याच्या पाठीवर हात फिरवला, तर म्हणाला, “आई, आता इमोशनल नको होऊ, दुसरी कॉपी लिहू दे.”

पण सगळ्यात मोठं काम पुढेच होतं. मी कागद नेऊन लोरेनपुढे धरला. तिने वाचला आणि मान हलवली. नाही. मी मागणार नाही.

मी तिच्यापुढे मातीत बसले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की मी टेबलाच्या त्या बाजूच्या, सरकारी खुर्चीवर बसलेली बाई आहे. एक माणूस बाहेर बसायचा, तुझ्यासारखाच. त्याने मागितलं नाही, मी विचारलं नाही, त्याचं घर गेलं. तू मागितलंस तर ती कदाचित नाही म्हणेल. पण नाही मागितलंस तर तिलासुद्धा आयुष्यभर टोचत राहील. तिच्यावर दया कर आणि सही कर.

लोरेन रेंजरबाईकडे बघू लागली. त्या पोरीची वेणी सुटत आली होती, ती बुटाने खडे सारत उभी होती. लोरेन म्हणाली, “माझ्या बसमधली पोरं आता हिच्याच वयाची असतील.” आणि तिने पेन घेतलं.

रेंजरबाईने अर्ज उभ्याउभ्या वाचला. सोबतची चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. चौतीस वर्षं अर्ज माझ्याकडे येत होते, आपला अर्ज दुसऱ्याच्या हातात असताना कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

“मंगळवार सकाळी दहा,” ती शेवटी म्हणाली. “चालेल.” मग लोरेनला म्हणाली, “तुम्ही परवाच का नाही सांगितलं?”

लोरेनने खांदे उडवले.

मी लगेच दुसरी प्रत पुढे केली. “पोच,” मी म्हटलं. “रिसीव्ह्ड. साइन. डेट.” शंतनूने कपाळाला हात लावला. रेंजरबाईला हसू आलं, पण तिने सही केली, तारीख घातली आणि म्हणाली, ही प्रत काचेत ठेवा, म्हणजे माझ्या जागी दुसरं कोणी आलं तरी त्रास देणार नाही. फक्त इथे वर पत्ता राहिलाय, तेवढा लिहून टाका.

नाव झालं, विषय झाला, आणि पत्त्याची ओळ आम्ही कोरी सोडली होती. मी! जिने पत्ता अपुरा म्हणून शेकड्यांनी अर्ज परत केले, ती मी.

लोरेनने दोन्ही कागद मांडीवर घेतले आणि न थांबता लिहिलं. घर क्रमांक, रस्ता, गाव, पिन कोड. हात आपोआप चालला. दुसऱ्या प्रतीवरही तसंच लिहिलं. मग पेन थांबलं. ती म्हणाली, “मी तिथे राहत नाही आता. चार वर्षं झाली. तिथे दुसरे लोक राहतात.” आणि खोडायला पेन टेकवलं.

कायद्याने तो खोटा पत्ता. माझ्या टेबलावर आला असता तर लाल शाईने गोल करून मी परत पाठवला असता. आता मात्र मी मनातल्या मनात रेंजरबाईला हात जोडले होते, घे बाई, हा पत्ता घे.

रेंजरबाईने वाकून लोरेनच्या हातातून आपली प्रत हळूच काढून घेतली. पत्ता वाचला. “हे ठीक आहे,” म्हणाली. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि गाडीकडे गेली.

दुपारी आम्ही तंबू काढला. मी राहिलेल्या दशम्या आणि चटणी लोरेनला दिली. पंप बसला की कुठे जाणार, विचारलं. तिने डोंगराच्या पलीकडे बोट केलं. तिथे नदी आहे का? आहे, म्हणाली, पण लहान आहे. तिथून पुढे? पुढे बघू. मग मी विचारायचं थांबवलं.

आमची गाडी व्हॅनच्या पुढून गेली तेव्हा शंतनूने वेग कमी केला. लोरेन काच पुसत होती. आतून तो कागद तिने चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून पक्का केला होता, पत्त्याची ओळ बाहेरून वाचता येईल असा.