साहेबांचं औक्षण

अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मुक्ताई दळवी जलमापन कार्यालयाच्या अधीक्षक झाल्या. हे वाक्य कोणी वाचलेलं नाही असं समजू. आत्ता साडेदहा वाजलेत आणि तबकातल्या निरांजनाला हाताचा आडोसा करून मुक्ताई साहेबांच्या केबिनच्या उंबऱ्यावर, आतल्या बाजूने उभ्या आहेत.

"साहेब कुठवर आले?" शिपाई रंगनाथने सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

साहेब येऊन वीस मिनिटं झाली होती. तबक साहेबांच्याच हातात होतं.

शनिवार पेठेतल्या या कार्यालयाची रीत साधी होती. नव्या साहेबांना ऑफिसातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईने दारात ओवाळायचं, मगच साहेबांनी उजवा पाय आत टाकायचा. सव्वीस जणांत बाई एकच, त्यामुळे ज्येष्ठतेचा वाद कधी उद्भवला नव्हता. एकवीस वर्षांत मुक्ताईंनी अकरा साहेब ओवाळले. त्यांतल्या चौघांना तर फाईल कुठून उघडायची हेही त्यांनीच दाखवलं. दोनदा बढतीच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. दोन्ही वेळा 'बाईंना फिरतीचा त्रास नको' म्हणून वरच्यांनी काळजी घेतली. यंदा काळजी घ्यायला कोणी जागेवर सापडलं नाही आणि ऑर्डर निघाली. खाली एक ओळ होतीच: दुपारी बाराच्या आत रुजू न झाल्यास कार्यभार उपअधीक्षक दिग्विजय कोद्रे यांच्याकडे द्यावा.

"ताई, सरळ बसा ना खुर्चीत," रेकॉर्डमधला तौफिक म्हणाला.

"तुम्ही यायच्या आधी एक साहेब बसले होते असे, न ओवाळून घेता," रंगनाथ म्हणाला. "तिसऱ्या दिवशी वरचा पंखा येऊन खुर्चीत बसला. साहेब चहाला गेले होते म्हणून, नाहीतर दोघांना जागा पुरली नसती."

मुक्ताईंचा पंख्यावर विश्वास नव्हता. पण अकरा जणांना जे मिळालं, ते बाराव्याच वेळी कशाला सोडायचं?

"मॅडम, एक सुचवू?" दिग्विजय म्हणाला. "आपण आतून ओवाळा आणि लगेच बाहेर जाऊन ओवाळून घ्या."

मुक्ताईंनी तेही केलं. रिकाम्या दारासमोर तीनदा तबक फिरवलं, ते रंगनाथकडे दिलं आणि लगबगीने बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. सगळे गंभीरपणे बघत होते.

"लागू पडलं का?" तौफिकने विचारलं.

"नाही रे," मुक्ताई म्हणाल्या. "आत कोणीच नव्हतं."

पावणेबाराला दिग्विजयने बायकोला फोन लावला. स्पीकरवर.

"रुपाली, पंधरा मिनिटांत ऑफिसला येतेस? मॅडमना ओवाळायचंय."

"हिंजवडीहून? दिवाळीपर्यंत पोचेन. तुला काय हात नाहीत?"

फोन बंद झाला. सगळं ऑफिस दिग्विजयच्या हातांकडे बघू लागलं. त्यानेही पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा-बारा मिनिटं नुसतं उभं राहिलं असतं, तरी केबिन त्याची होती.

अकरा पंचावन्न झाले. मग पँटला हात पुसून त्याने रंगनाथकडून तबक घेतलं आणि उंबऱ्याच्या आत गेला.

कुंकू लावायला गेला ते कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलं. रंगनाथ भिंतीकडे तोंड करून खोकला.

"सॉरी मॅडम. फिरवायचं कुठून?"

"घड्याळाच्या काट्यांसारखं. आणि घड्याळाकडे बघू नका."

त्याने ओवाळलं. निरांजन विझलं नाही. डोक्यावर पडलेल्या अक्षता मुक्ताईंनी तशाच राहू दिल्या.

"आता काय म्हणायचं?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही," मुक्ताई म्हणाल्या. "आता बाजूला व्हायचं."

दिग्विजय बाजूला झाला.

नाकावरचं कुंकू न पुसता त्यांनी रुजू अहवालावर सही केली, वेळ घातली आणि वरिष्ठ कार्यालयाला पहिलं पत्र लिहायला घेतलं:

'सबब, या कार्यालयास 'ओवाळणारा (पुरुष)' हे एक कायम पद मंजूर करण्यात यावे, ही विनंती. सदर पदास बढतीची तरतूद ठेवू नये. आजवर ती नव्हती, आणि त्यावाचून कामकाज कधी अडले नाही.'