विरजणाचा मॉनिटर

न्हावऱ्याच्या दूध डेअरीतला जुना, पिंपाएवढा मॉनिटर बदलायला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला अफताब दौंडहून पुन्हा आला, आणि क्लार्क प्रतिभाताई पुन्हा आडव्या आल्या.

"ह्या डबड्यात काय सोनं पुरलंय का, ताई?" तो वैतागला. "नवा बघा कसा चपटा हाय!"

"मग त्या चपट्यावर पातेलं ठिवून दाखव."

त्यांनी मॉनिटरवरचं फडकं उचललं. खाली दह्याचं पातेलं होतं. ऐन थंडीत घरोघरी विरजण लावलेलं दूध तसंच राहायचं. इथं मात्र सकाळी विरजण लावलं की मॉनिटरच्या उबेनं जेवणापर्यंत कवडीसारखं दही लागायचं.

अफताबनं वाटीभर खाल्लं, बोट चाटलं आणि नवा मॉनिटर परत खोक्यात भरला.

"ताई, चमचाभर विरजण द्या. दुकानात असले जुने मॉनिटर लई पडल्यात, आन् मी येडा भंगारात घालत होतो!"