डोळे मिटून चढलेली शिडी

बर्निता आत्याच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली, तेव्हा तिनं आधी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"मर्विन, अरे, म्हातारा झालास की! आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

"वा! मी इथं इतकी वर्षं कार्लीनचा हेवा करतेय. ठेव म्हणावं आता तुझा नवरा तुलाच!"

कार्लीन माझी बायको. अमेरिकेतल्या मूळच्या आम्हा होपी लोकांत भाच्याला छळायचा हक्क आत्याचा, आणि भाच्याच्या बायकोशी लटकं भांडायचाही. त्यातून माझं नावही हिनंच ठेवलेलं. उलट बोलायची सोय नाही.

मोतीबिंदू काढायला ती कितीतरी दिवस तयार नव्हती. अंदाजानं चालायची, आवाजावरून माणसं ओळखायची. पिकी करणं मात्र सोडलं नव्हतं. तापलेल्या दगडावर निळ्या मक्याचं पातळ पीठ उघड्या हातानं सर्रकन फासायचं आणि कागदासारखा पापुद्रा उचलून गुंडाळायचा. "हे हाताला कळतं, डोळ्यांचं काय काम?" असं म्हणायची. शेवटी कार्लीननं एका सकाळी तिला जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

दिसायला लागल्यावर आत्यानं आठवडाभर आमच्या सगळ्यांच्या घरांतली जळमटं काढली. मग एका संध्याकाळी माझ्याकडे आली.

"मला मेसा व्हर्देला घेऊन चल. आपल्या जुन्या माणसांची कड्यातली घरं बघायचीत."

"एकदम तिकडे?"

"माझा बाप तरुणपणी तिथं भिंती सावरायच्या कामावर होता. कड्यातल्या एका घराच्या भिंतीत लिंपणाऱ्या बाईची बोटं अजून उमटलेली आहेत, असं सांगायचा. मी म्हणायचे, जाऊ कधीतरी. मग दिसेनासंच झालं. आता दिसतंय, तर ते तरी पाहून येते."

दोन दिवसांनी पहाटे निघालो. आत्यानं केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता आणि मांडीवर पिकीचा डबा होता. दुपारी तिथल्या राष्ट्रीय उद्यानात पोचलो तेव्हा कड्याच्या माथ्यावर पंधरावीस माणसं जमली होती. त्यांना खाली नेणारी मुलगी हेदर, उद्यानाची टोपी घातलेली, सगळ्यांना सूचना देत होती. भिंतींना हात लावायचा नाही, आत काही खायचं नाही.

टेक्सासहून आलेला डग नावाचा एक थोराड माणूस होता. त्यानं विचारलं, "मग इथली माणसं गेली तरी कुठं?"

हेदर तोंड उघडणार, तेवढ्यात आत्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"दक्षिणेला गेलो आम्ही. फार लांब नाही. गाडीनं पाच तास. हा चालवत असला तर सहा."

सगळे माझ्याकडे बघून हसले. डगही हसला, मग टोपी काढून म्हणाला, "माफ करा हं, आजी. मला वाटलं, संपली सगळी."

"संपली असती तर बरं झालं असतं. याला वाढवावं लागलं नसतं कोणाला."

दगडी पायऱ्या उतरून आम्ही कड्याच्या कुशीतून चालत गेलो आणि शिडीपाशी आलो. जाडजूड ओंडक्यांची, सरळ वर गेलेली शिडी. घरं तिच्या वर होती. आत्या पुढे, मी तिच्या मागे. तिचे गुडघे अजून सांगितलेलं ऐकतात, त्यामुळे मला काळजी नव्हती. अर्ध्यावर मात्र ती थांबली. तिनं बाजूला खाली पाहिलं होतं. दरीतल्या झाडांचे शेंडे आमच्या पायांखाली होते.

"मर्विन."

"काय गं?"

"आधीचंच बरं होतं रे. खोल आहे ते दिसत तरी नव्हतं."

तिची बोटं ओंडक्याला आवळलेली होती. वरून हेदर शांतपणे म्हणाली, "खाली उतरायचं असेल तरी चालेल. त्यात काही कमीपणा नाही." खाली रांग खोळंबली होती. कोणीतरी पुटपुटलं, तशी डगनं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि वर आवाज दिला, "सावकाश होऊ द्या, आजी! आम्हाला कुठं जायचंय?"

आत्यानं मोठा श्वास घेतला आणि डोळे मिटले.

"आत्या, हे काय करतेस? डोळे उघड!"

"गप रे. अशीच तर वावरले इतकी वर्षं."

आणि ती चढायला लागली. हात वरचा ओंडका चाचपायचा, मग पाऊल उचलायचं, बोटांनी जागा शोधायचं, टेकायचं. मी खालून तिच्या टाचांकडे बघत होतो. त्या एकदाही चुकल्या नाहीत. वर हेदरनं तिचा दंड धरला तेव्हाच तिनं डोळे उघडले. खालून टाळ्या वाजल्या. आत्या लाजली. तिला लाजताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आत गार होतं. कड्यातून पाणी झिरपल्याचा ओला वास येत होता. आत्यानं हेदरला बापानं सांगितलेली गोष्ट सांगितली. हेदर तिला एका भिंतीपाशी घेऊन गेली. दोन दगडांमधल्या मातीत बोटांचे ठसे होते. हात लागू नये म्हणून आत्यानं दोन्ही हात पाठीमागे गुंफले आणि वाकली. कितीतरी वेळ तशीच वाकून होती.

"लहान चणीची होती ही," शेवटी ती म्हणाली. "वरपर्यंत हात पुरत नव्हता बघ, इथं बोटं घसरलीत. माती लवकर वाळत असणार. घाई झाली असेल बिचारीला."

आईबरोबर भिंती लिंपण्यात तिचं बालपण गेलंय. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी घाबरून औषधाचे थेंब काढले.

"ठेव ते आत. दुखत नाहीये." मग भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "अस्क्वाली." आमच्याकडे बायका आभार मानतात तो शब्द. पुरुषांचा वेगळा आहे, क्वाकवाय. मीही तो म्हटला. म्हणताना मला जुनं कोणी आठवायला हवं होतं. आठवली ती आत्याला ओढत गाडीकडे नेणारी कार्लीन.

बाहेर पडायची वाट अरुंद बोगद्यातून होती, सगळ्यांना रांगावं लागलं. आत्या धूळ झटकत बाहेर आली ती हसतच. गाड्यांपाशी तिनं डबा उघडला आणि एकेकाच्या हातावर पिकी ठेवली. हेदरनं तिची गुंडाळी रुमालात बांधून घेतली, घरी आईला दाखवीन म्हणाली. डगनं खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला.

परतीच्या वाटेवर आत्या क्षणभरही झोपली नाही. रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती. टायरवाल्याची, कुत्रा हरवल्याची, विकायला काढलेल्या घोड्याची. मी एकदाही तिला थांबवलं नाही.

घरी पोचलो तेव्हा कार्लीन दारात उभी होती. आत्या तिच्यासमोर जाऊन तिचा चेहरा बघत राहिली.

"तू मला गाडीत घातलंस, तेव्हा मी तुला शिव्या दिल्या ना गं?"

"दिल्यात की."

"होपीत की इंग्रजीत?"

"दोन्हीत."

"मग मनापासून दिल्या असणार," आत्या म्हणाली. उरलेली पिकी डब्यासकट तिनं कार्लीनच्या हातात दिली, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि कॉफी ठेवायला आत निघून गेली.