चढावरची ताकद

थोरल्या भावाला मायलेजचं वेड होतं. सात माणसांची डिझेल गाडी त्याने घेतली ती धाकट्याच्या शब्दावर, कारण धाकटा त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं तपासायच्या कामावर होता. माहितीपत्रकात लिटरला बावीस किलोमीटर छापलं होतं. थोरला दर वेळी टाकी काठोकाठ भरायचा आणि मोजून बघायचा. पंधराच्या पुढे आकडा काही सरकत नव्हता.

"तुमच्या कंपनीचा किलोमीटर आखूड असतो का रे?" जेवताना तो विचारायचा.

"दादा, ते बावीस प्रयोगशाळेतलं. तिथे गाडी जागच्या जागी रोलरवर पळते. समोरून वारा नाही, चढ नाही, एसी बंद, आत एकटा माणूस."

"मग मीही एकटाच फिरतो. हिला घरी ठेवतो."

"ठेवून बघा," वहिनी म्हणायची. "मायलेज वाढेल, पण पत्ता विचारायला काच कोण खाली करेल?"

वहिनीचा स्वभावच तसा होता. धाकट्याचं लग्न झालं नव्हतं, तो भावाच्याच घरी वरच्या खोलीत राहायचा, आणि त्याचा डबा गेली अकरा वर्षं तिच्याच हातचा होता.

गाडीला दोन वर्षं झाली तेव्हा कंपनीने नवा प्रोग्रॅम पाठवला. या इंजिनाचा धूर रस्त्यावर जास्त निघतो अशा तक्रारी होत्या. सर्व्हिसिंगला येईल त्या गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तो टाकायचा हुकूम आला. पत्रात लिहिलं होतं, धूर कमी होईल, डिझेलही वाचेल. धाकट्याला वाटलं, दादाची कटकट मिटली. त्याने एका रविवारी गाडी स्वतःच नेली, प्रोग्रॅम टाकला, आणि संमतीच्या कागदावर भावाची सही स्वतःच ठोकली. घरचीच तर गाडी.

पुढच्या टाकीला मायलेज सतरा आलं. थोरल्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. आठवडाभर तो ऑफिसात भेटेल त्याला सतराची गोष्ट सांगत होता.

तीन आठवड्यांनी एक डॉक्टरीणबाई तशीच, नवा प्रोग्रॅम टाकलेली गाडी घेऊन आल्या. गाडीत दम राहिला नाही म्हणाल्या. धाकट्याने गाडी रोलरवर चढवली, पट्टे आवळले, पूर्ण पेडल दाबून पळवली. आधीच्या तपासणीत चाकांवर ब्याण्णव घोड्यांची ताकद नोंदली होती. आता सहासष्ट आली. त्याने पुन्हा पळवली. पुन्हा सहासष्ट. धूर कमी झाला होता तो इंजिनाचा घास काढून घेतल्यामुळे. डिझेल कमी जाळायचं, म्हणजे ताकदही कमीच.

तो कागद घेऊन वर्कशॉपच्या मुख्यांकडे गेला. त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "वरच्यांनाही माहीत आहे. गिऱ्हाइकाने विचारलं तर डिझेलमध्ये भेसळ आहे म्हणायचं. दुसऱ्या पंपावर भरून बघा म्हणायचं."

"आणि जुना प्रोग्रॅम परत टाकता येईल?"

"टाकशील तर उद्यापासून येऊ नकोस."

डॉक्टरीणबाईंना त्याने पंप बदलायला सांगितलं. त्या 'बरं' म्हणून गेल्या. नंतर आणखी दोघांना सांगितलं. सांगून सांगून ते वाक्य त्याच्या तोंडात बसलं. म्हणून त्याच महिन्यात थोरला म्हणाला, "अरे, गाडी चढाला दम टाकते हल्ली," तेव्हा धाकट्याने वरही न बघता विचारलं, "डिझेल कुठे भरतोस?"

"नेहमीच्याच पंपावर."

"बदलून बघ."

वेळ मारून नेली खरी, पण ते वाक्य त्याला सलत राहिलं. पुढच्या सर्व्हिसिंगला मुख्यांची नजर चुकवून जुना प्रोग्रॅम टाकायचा, असं त्याने मनाशी ठरवलं. सर्व्हिसिंगला अजून दीड महिना होता.

पुतणीला दुसऱ्या शहरात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तिला हॉस्टेलवर सोडायला नवराबायको निघाले. सगळ्यात मागचं बाक आडवं करून गादी, पुस्तकांची तीन खोकी, टेबल फॅन, सायकल असं सगळं कोंबलं होतं. धाकट्यानेच सायकल बांधून दिली. त्याला त्या वाटेवरचा चढ माहीत होता. तो एवढंच म्हणाला, "सावकाश जा, भार खूप आहे." वहिनीने खिडकीतून सांगितलं की भाजी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घ्या, थंड गिळू नका.

चढावर पुढे सिमेंटचा ट्रक होता. थोरल्याने त्या जागी आजवर पन्नास वेळा ट्रक मागे टाकले होते. समोर रस्ता मोकळा होता, वळण लांब होतं. त्याने गिअर उतरवला, पेडल दाबलं आणि बाहेर काढली. गाडी ट्रकच्या बरोबरीला आली आणि तिथेच राहिली. पेडल तळाला टेकलं होतं. वळणावरून बस आली. मागे पडायला वेळ नव्हता. त्याने तशीच गाडी ट्रकपुढे घातली आणि ट्रकने तिला वहिनीच्या बाजूने धरलं.

वहिनी जागीच गेली. थोरल्याच्या मांडीचं हाड मोडलं. मागे बसलेल्या पुतणीच्या कपाळाला नऊ टाके पडले.

पोलिसांनी बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा लावला. थोरल्याने जबाबात एकच वाक्य दिलं: "माझा अंदाज चुकला." पुतणीने बापाशी बोलणं सोडलं. हॉस्टेलवर गेली नाही, मावशीकडे राहिली. एकदा दवाखान्यात आली, दारातूनच म्हणाली, "काय घाई होती, बाबा?" आणि निघून गेली. थोरला भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

धाकटा बाहेरच्या बाकावर बसून हे ऐकत होता.

त्याने तरीही लगेच तोंड उघडलं नाही. आधी स्वतःची समजूत घालून बघितली, की जुनी ताकद असती तरी दादा अडकलाच असता. ती समजूत खरी की खोटी हे बघायला त्याने एक दिवस रजा घेतली. एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याकडे तेच मॉडेल होतं, सर्व्हिसिंगला कधीच न आलेलं. ते त्याने मागून घेतलं. मागे वाळूची पोती टाकून वजन तेवढंच केलं आणि भर दुपारी त्याच चढावर गेला. चाळीसवरून सत्तरवर जायला नऊ सेकंद लागले. मग खाली येऊन वर्कशॉपच्या लॅपटॉपवरून नवा प्रोग्रॅम टाकला आणि पुन्हा चढला. सोळा. तीन वेळा चढला. सोळा, सोळा, सतरा. परत देताना टॅक्सीवाल्याला जुना प्रोग्रॅम घालून दिला.

शेवटच्या चढानंतर घाटमाथ्यावर गाडी उभी करून त्याने वजाबाकी केली होती. सात सेकंद. तेवढ्यात ट्रक मागे पडला असता.

त्या संध्याकाळी तो भावाच्या पलंगाशी स्टूल ओढून बसला.

"दादा, तुझा अंदाज चुकला नव्हता."

थोरल्याने मान वळवली.

धाकट्याने सगळं सांगितलं. प्रोग्रॅम, सही, डॉक्टरीणबाई, सहासष्ट, पंप. काही गाळलं नाही.

"मी तुला विचारलं होतं," थोरला म्हणाला.

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आम्ही निघालो त्या दिवशीही."

धाकट्याला हो म्हणवलं नाही. त्याने नुसती होकारार्थी मान हलवली.

थोरल्याने हात वर केला. धाकट्याला वाटलं, मारणार. त्याने गालही पुढे केला. पण थोरल्याने तो हात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. "जे मला सांगितलंस ते पोरीला सांग," तो म्हणाला. "मग पोलिसांना सांग. आणि वरची खोली रिकामी कर."

पुतणीने मावशीच्या जिन्यात उभं राहून ऐकून घेतलं. मध्येच तिने विचारलं, "आई डबा द्यायची तेव्हा तुझ्या घशाखाली कसा उतरायचा रे, काका?" दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन बापाकडे परत गेली.

पोलिसांनी जबाब लिहून घेतला. रोलरचे कागद त्याने आधीच काढून ठेवले होते, तेही दिले. वर्कशॉपने त्याला त्याच आठवड्यात काढलं. थोरल्याच्या खटल्यात कंपनीच्या वकिलाने संमतीचा कागद पुढे केला: इंजिनाच्या कामगिरीत किरकोळ बदल संभवतो, मालकाला मान्य. सही खोटी आहे, मीच केली, असं धाकट्याने न्यायालयात सांगितलं. त्याबद्दल त्याच्यावर वेगळा खटला झाला. थोरल्याची शिक्षा कमी झाली, माफ झाली नाही. गाडीची ताकद ओळखून चालवणं हे चालकाचंच काम, असं निकालात म्हटलं होतं. कंपनीने सहा महिन्यांनी आणखी एक प्रोग्रॅम पाठवला. त्यात काय होतं ते धाकट्याला कळायचा मार्ग उरला नव्हता.

आता तो ट्रॅक्टरचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका शेडमध्ये आहे. डॉक्टरीणबाईंना आणि त्या दोन गिऱ्हाइकांना त्याने पत्ते शोधून पत्रं लिहिली. एकाचंच उत्तर आलं: गाडी कधीच विकली, कुणाला ते आठवत नाही.

वहिनीच्या तिसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला त्याला बोलावणं नव्हतं. तरी तो गेला. दार पुतणीने उघडलं. कपाळावरची खूण केसांनी झाकलेली होती. आतून थोरल्याने विचारलं, "कोण आहे?"

पुतणीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"कुणी नाही, बाबा," ती म्हणाली, आणि आवाज न करता दार लावून घेतलं.