पेंडीचं पोतं

आमचे हे फौजेतून रिटायर झाले आणि आता दोघांनी लांब लांब फिरायचं म्हणून जुनी, मोठी मोटारसायकल शोधायला लागले. धाकट्या दिराची जीप घेऊन आम्ही सकाळी शिरवळला एक बघितली, दुपारी साताऱ्यात दुसरी आणि ऊन उतरताना आष्ट्यात तिसरी. जीपमध्ये जनावरांच्या पेंडीचं एक पोतं होतं, साधारण माझ्याच वजनाचं. प्रत्येक ठिकाणी ह्यांनी ते मागच्या सीटवर दोरीनं आवळलं आणि मुद्दाम खराब रस्त्यानं चक्कर मारून आले.

शिरवळलाच मी म्हटलं होतं, "आवं, मीच बसते की मागं."

"लोकाच्या गाडीवर बायकू बसवत न्हाईत," हे म्हणाले. "आपली झाल्यावर नारळ फोडू, मग बस."

मग मी दिवसभर परक्या ओट्यांवर बसून राहिले. कंबर तर जीपनंच धरली होती.

घराकडं परतताना हे जीप चालवत बोलतच होते. शिरवळच्या गाडीवर मनगटं दुखली, साताऱ्याची खड्ड्यात लय आपटत होती, आष्ट्याची मात्र गादीसारखी चालली. तिची मागची सीट उंच आणि आखूड होती, पण पोतं जागचं हललं नाही म्हणे. दोरीनं आवळलेलं पोतं हलेल कशाला?

"तुला कुठली बरी वाटती?" त्यांनी विचारलं. "मागं तुलाच बसायचं हाय."

मी डोळे मिटूनच म्हणाले, "पोत्याला इचारा. बसलं त्येच हुतं."